डोरोथी लेव्हिट

डोरोथी एलिझाबेथ लेव्हिट (५ जानेवारी, १८८२ : हॅकनी, लंडन, इंग्लंड - १७ मे, १९२२ : मेरिलबोन, लंडन, इंग्लंड) या ब्रिटिश मोटारचालक, शर्यतपटू, पत्रकार व लेखिका होत्या. मोटारशर्यतीत भाग घेणारी पहिली इंग्लिश स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. १९०५ व १९०६ साली त्यांनी स्त्रियांसाठीचे वेगाचे विक्रम नोंदवले. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वुमन अँड द कार’ या पुस्तकात त्यांनी मोटार चालवताना मागची वाहतूक पाहण्यासाठी हाताशी आरसा ठेवण्याचा सल्ला दिला होता. मोटारीत असा आरसा कायमचा बसवण्याची पद्धत सर्वत्र रूढ होण्याच्या बरीच वर्षे आधीचा हा सल्ला आहे.

प्रारंभिक जीवन

लेव्हिट यांचा जन्म पूर्व लंडनमधील हॅकनी येथे एका ज्यू कुटुंबात झाला. जन्माच्या वेळी कुटुंबाचे आडनाव लेव्ही असे होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ते बदलून इंग्रजी वळणाचे लेव्हिट करण्यात आले. वडील जेकब लेव्ही हे जडजवाहीर व चहाचे व्यापारी होते. आईचे नाव ज्युलिया.

त्यांच्या हयातीत छापून आलेल्या परिचयांत मात्र निराळेच चित्र आढळते. त्यांत त्या इंग्लंडच्या पश्चिम भागातील खेड्यात वाढलेल्या, शिकार, घोडेस्वारी व मासेमारीत पटाईत असलेल्या खानदानी घरातील कन्या असल्याचे वर्णन येते. लंडनच्या व्यापारी वस्तीत वाढलेली, पगारावर काम करणारी तरुणी आणि ही वृत्तपत्री प्रतिमा यांचा मेळ बसत नाही. मोटार हे त्या काळी धनिकांचे खेळणे होते आणि ती विकत घेणारा वर्ग कोणत्या घरातल्या स्त्रीकडे कौतुकाने पाहील, याचा विचार ही प्रतिमा घडवताना झाला असावा. लेव्हिट यांच्याविषयीची बरीचशी माहिती अशा प्रसिद्धीपर लेखनातून आणि त्यांच्या स्वतःच्या रोजनिशीच्या छापील उताऱ्यांतून आलेली असल्याने ती पारखूनच घ्यावी लागते.

नेपियर कंपनीतील नोकरी व मोटारीचे शिक्षण

१९०२ च्या सुमारास लेव्हिट लंडनच्या लॅम्बेथ भागातील नेपियर या मोटार कंपनीत चिटणीस म्हणून काम करीत होत्या. ऑस्ट्रेलियात जन्मलेले सेल्विन एज हे या कंपनीचे एक प्रमुख संचालक व स्वतः नामांकित शर्यतपटू होते. १९०२ सालचा गॉर्डन बेनेट चषक त्यांनी नेपियर मोटारीतून जिंकला होता. फ्रान्समध्ये कामी द्यू गास्त या स्त्रीने १९०१ च्या पॅरिस-बर्लिन शर्यतीत भाग घेतला होता व तिची सर्वत्र चर्चा झाली होती. इंग्लंडमध्येही अशी एखादी स्त्री शर्यतीत उतरली, तर आपल्या मोटारींना वेगळी जाहिरात लागणार नाही, हे एज यांनी हेरले. त्यांनी या कामासाठी लेव्हिट यांची निवड केली.

त्यांना मोटार चालवायला शिकवण्याचे काम कंपनीतील लेस्ली कॅलिंगहॅम या तरुण विक्रेत्याकडे सोपवण्यात आले. सुट्टीचे दिवस या कामी घालवावे लागल्याने तो फारसा खूश नव्हता. त्यानंतर लेव्हिट यांना सहा महिन्यांसाठी पॅरिसला पाठवण्यात आले. तेथे एका मोटार कारखान्यात राहून त्यांनी मोटारीची जोडणी, दुरुस्ती आणि चालवणे या तिन्ही गोष्टी शिकून घेतल्या. पुढच्या काळात त्या इतर स्त्रियांना मोटार शिकवू लागल्या. राणी अलेक्झांड्रा व राजकन्या त्यांच्या शिष्या होत्या, असे सांगितले जाते.

एज यांच्या कंपन्या नेपियरखेरीज ग्लॅडिएटर व डि डिऑन-बूतॉन या फ्रेंच बनावटीच्या मोटारीही इंग्लंडमध्ये विकत असत. लेव्हिट यांनी पुढील काळात चालवलेल्या बहुतेक सर्व मोटारी याच तीन नावांच्या आहेत.

स्पर्धा व विक्रम

१९०३ सालच्या वसंतात लेव्हिट यांनी ग्लासगो ते लंडन या सुमारे ६४० किलोमीटरच्या न थांबता करावयाच्या धावेत १६ अश्वशक्तीची ग्लॅडिएटर चालवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साउथपोर्ट येथील वेगचाचणीत त्यांनी आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. एका अविवाहित, नोकरदार तरुणीने पुरुषांच्या बरोबरीने शर्यतीत उतरावे, याचा तेव्हाच्या उच्चभ्रू समाजाला धक्का बसला.

१९०३ च्या जुलैमध्ये आयर्लंडमधील कॉर्क बंदरात मोटारबोटींसाठीच्या हार्म्सवर्थ चषकाची पहिली स्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या नेपियर बोटीच्या सुकाणूवर लेव्हिट होत्या असे सर्वसाधारणपणे मानले जाते. चषकावर मात्र बोटीचे मालक म्हणून एज यांचे नाव कोरलेले आहे आणि बोटीवरील दुसरे सहकारी कॅम्पबेल म्यूर यांनीही सुकाणू सांभाळले असण्याची शक्यता असल्याने या विजयाच्या श्रेयाबद्दल वाद आहे. ऑगस्टमध्ये काउज येथे राजा सातव्या एडवर्डने त्यांना राजनौकेवर बोलावून त्यांचे अभिनंदन केले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हाइड पार्कमध्ये बेफाम वेगाने मोटार हाकल्याबद्दल त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले व दंड भरावा लागला. तेव्हा इंग्लंडमध्ये मोटारीची कमाल वेगमर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर होती. १ जानेवारी १९०४ पासून लागू झालेल्या कायद्याने ती ताशी २० मैल केली, मोटारींना नोंदणी क्रमांक दिले आणि चालकांना परवाने घेणे बंधनकारक केले. परवान्यासाठी परीक्षा मात्र नव्हती. पाच शिलिंग भरले की तो मिळत असे. ब्रिटनमध्ये चालकाची परीक्षा सक्तीची व्हायला १९३५ साल उजाडावे लागले. लेव्हिट यांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकाचे महत्त्व समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नव्या चालकाला रस्त्यावर उतरण्यापूर्वी काही शिकणे कायद्याने भागच नव्हते.

१९०४ च्या सप्टेंबरमध्ये हेरफर्ड येथे झालेल्या एक हजार मैलांच्या चाचणीत त्यांनी ८ अश्वशक्तीची डि डिऑन-बूतॉन चालवली. सोबत यंत्रज्ञ नव्हता, त्यामुळे वाटेतल्या सर्व दुरुस्त्या त्यांनी स्वतःच केल्या. अखेरच्या दिवशी यंत्रात बिघाड झाल्याने सुवर्णपदक हुकले. १९०५ च्या मार्चमध्ये त्याच बनावटीच्या छोट्या मोटारीतून त्या लंडनहून लिव्हरपूलला जाऊन परत आल्या. एका स्त्रीने तोवर केलेला हा सर्वांत लांबचा मोटारप्रवास मानला गेला. या प्रवासात कंपनीचा एक निरीक्षक, डोडो नावाचे पॉमेरेनियन कुत्रे आणि एक रिव्हॉल्व्हर एवढाच त्यांचा सरंजाम होता.

१९०५ च्या जुलैमध्ये ब्रायटन येथे समुद्रकिनाऱ्यालगतच्या रस्त्यावर झालेल्या वेगचाचणीत लेव्हिट यांनी ८० अश्वशक्तीची नेपियर ताशी ७९.७५ मैल (१२८.३ किमी) वेगाने चालवून स्त्रियांचा विक्रम नोंदवला. पुढल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लॅकपूल येथे त्यांनी तो ताशी ९०.८८ मैलांवर (१४६.२६ किमी) नेला. या धावेत मोटारीच्या बॉनेटचा पुढचा भाग सुटू लागला होता. वेळीच गाडी थांबवली नसती, तर तो उडून आपले शिरच धडावेगळे झाले असते, अशी नोंद त्यांनी केली आहे. या दोन विक्रमांच्या मधे, १९०६ च्या जूनमध्ये, शेल्सली वॉल्श येथील चढाच्या शर्यतीत त्यांनी ५० अश्वशक्तीची नेपियर ९२.४ सेकंदांत माथ्यावर नेली. स्त्रियांचा हा विक्रम १९१३ पर्यंत टिकला. वृत्तपत्रांनी त्यांना पृथ्वीवरची सर्वांत वेगवान तरुणी हे बिरुद दिले.

१९०७ साली सरे परगण्यात ब्रुकलँड्स ही खास शर्यतींसाठी बांधलेली धावपट्टी सुरू झाली. लेव्हिट यांचा अर्ज मात्र त्या स्त्री असल्याच्या कारणाने नाकारण्यात आला. त्यानंतर त्यांनी जर्मनी व फ्रान्समधील स्पर्धांकडे मोर्चा वळवला. १९०७ च्या हेर्कोमर चषकाच्या चाचणीत १७२ स्पर्धकांत त्यांचा चौथा क्रमांक आला आणि ऑक्टोबरमध्ये गायाँ येथील चढाच्या शर्यतीत त्यांनी आपला गट जिंकला. १९०८ साली ब्रुकलँड्सवर खास स्त्रियांची म्हणून एक शर्यत ठेवण्यात आली; ती म्यूरिएल थॉम्पसन यांनी जिंकली.

‘द वुमन अँड द कार’

शर्यतींच्या जोडीने लेव्हिट वृत्तपत्रांत मोटारीविषयी स्तंभ लिहीत असत. ‘द ग्राफिक’ या सचित्र साप्ताहिकातील त्यांच्या लेखनाच्या आधारे १९०९ साली जॉन लेन या प्रकाशकाने त्यांचे पुस्तक काढले. संपादन सी. बिंग-हॉल यांचे होते व छायाचित्रे होरेस निकोल्स यांची. त्यांपैकी अनेक छायाचित्रांत लेव्हिट स्वतः मोटारीची कामे करून दाखवताना दिसतात. हाताखाली यंत्रज्ञ किंवा नोकर नसताना एकट्या स्त्रीने मोटार कशी ठेवावी व चालवावी, हे पुस्तक सांगते. त्यासाठी एका सिलिंडरची छोटी मोटार पुरेशी आहे, असे लेखिकेचे मत होते.

इंजिन कसे चालते, तेल कोठे घालायचे, वाटेत गाडी बंद पडली तर काय तपासायचे, हे सारे पुस्तकात आले आहे. मोटार सुरू करण्याचे वर्णन तर आजही वाचण्यासारखे आहे. तेव्हा बटण किंवा किल्ली नव्हती. मोटारीच्या पुढच्या बाजूला असलेले हँडल खाचेत बसेपर्यंत आत दाबून हाताने फिरवावे लागे. हे हँडल झटक्याने वरच्या दिशेने ओढावे, खाली कधीही दाबू नये, अशी ताकीद लेखिका देते. इंजिनाने उलटा झटका दिला, तर खाली दाबणाऱ्याचा हात मोडण्याची भीती असते. अशा अपघातात त्या काळी अनेकांचे हात मोडले आहेत.

कपड्यांवरचे प्रकरण वरवर पाहता फॅशनचे वाटते. वास्तविक त्यातील बहुतेक सूचना सुरक्षिततेच्या व सोयीच्या आहेत. उघड्या मोटारीत वाऱ्याने फडफडणारी लेस नको. टोपी घट्ट बांधलेली असावी. दुरुस्तीसाठी चित्रकार घालतात तसा, मागून बांधायचा झगा जवळ ठेवावा. लोकरीचे हातमोजे मुळीच वापरू नयेत, कारण ते स्टिअरिंगच्या गुळगुळीत चाकावरून निसटतात. आज आसन, स्टिअरिंग व आरसे चालकाच्या बांध्यानुसार बटणाने हलवता येतात. १९०९ साली मोटारीत हलवता येण्याजोगे काही नव्हतेच. त्यामुळे जुळवून घ्यायचे ते चालकाने, आपल्या कपड्यांनी, हातमोज्यांनी आणि जवळ ठेवलेल्या वस्तूंनी.

या वस्तूंसाठी लेव्हिट यांच्या मोटारीत आसनाखाली एक छोटा खण होता. त्यात काय असावे याची यादी पुस्तकात आहे. स्वच्छ हातमोज्यांचा जोड, जादा रुमाल, चेहऱ्यावरची जाळी, पावडर, केसांच्या पिना, साध्या टाचण्या, हातआरसा आणि थोडी चॉकलेटे. एकटीने लांबचा प्रवास करायचा असल्यास कुत्र्याची सोबत व एक लहान पिस्तूलही असावे, असे त्या सुचवतात. त्यांचे स्वतःचे पिस्तूल कोल्ट बनावटीचे होते व ते झाडताना हाताला धक्का जवळजवळ बसत नसल्याने त्यांनी ते निवडले होते.

हातातला आरसा

खणातील वस्तूंपैकी आरशाबद्दल पुस्तकात जे सांगितले आहे, त्यामुळे लेव्हिट यांचे नाव मोटारीच्या इतिहासात टिकून राहिले. आरसा बऱ्यापैकी मोठा व मुठीचा असावा, असे त्या सांगतात. निघण्यापूर्वी तो खणातून काढून मोटारीच्या झडपेच्या खिशात, चटकन हाती येईल असा ठेवावा. मागून मोटार येत असल्याचा भास झाला, तर तो उचलून धरावा. क्षणात मागचे दिसते, पुढची वाट चुकत नाही आणि उजव्या हाताची स्टिअरिंगवरची पकडही सोडावी लागत नाही.

हा सल्ला साधा वाटतो. पण तो कोणाला दिला आहे, हे पाहण्यासारखे आहे. त्या काळातील मोठ्या मोटारीत चालकाच्या शेजारी बहुधा यंत्रज्ञ बसलेला असे. शर्यतीत तर इंजिनावर लक्ष ठेवणे आणि मागून कोण येत आहे हे चालकाला सांगणे, ही त्याचीच कामे असत. इंजिनाचा खडखडाट, धूळ आणि वारा यांत मागच्या मोटारीचा भोंगा चालकाला ऐकू येईलच याची खात्री नसे. यंत्रज्ञाशिवाय निघालेल्या चालकाला मागचे पाहायचे झाल्यास मान वळवण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि मान वळली की हातातले चाकही वळण्याचा धोका होता. लेव्हिट यांच्या वाचक स्त्रिया एकट्याने मोटार चालवणार होत्या. शेजारच्या माणसाच्या डोळ्यांची जागा त्यांनी आरशाला दिली.

पुढे अगदी याच कारणाने आरसा शर्यतीत आला. ३० मे १९११ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. तीत रे हॅरून यांनी मार्मन कंपनीची एकट्यासाठीची मोटार उतरवली. बाकीच्या मोटारींत यंत्रज्ञ असताना हॅरून यांना मागचे कळणार कसे, असा आक्षेप इतर स्पर्धकांनी घेतला. तेव्हा त्यांनी सुमारे ८ इंच लांब व ३ इंच रुंद आरसा चालकासमोर बसवून घेतला. काही वर्षांपूर्वी शिकागोमध्ये एका घोडागाडीला लावलेला आरसा पाहून ही कल्पना आपल्याला सुचली, असे त्यांनी सांगितले होते. शर्यत त्यांनी जिंकली. विटांनी बांधलेल्या त्या धावपट्टीवर मोटार इतकी हादरत होती की आरशात धड काही दिसतच नव्हते, असेही त्यांनी नंतर सांगितल्याची नोंद आहे. १९२१ साली एल्मर बर्गर या अमेरिकी संशोधकाने मोटारीच्या आरशाचे पेटंट घेऊन तो बाजारात आणला. मागून येणारा पोलीस वेळीच दिसावा, अशा अर्थाचे नाव देऊन तो विकला जात असे.

मागे पाहण्याच्या आरशाचा शोध लेव्हिट यांनी लावला, असे विधान अनेक ठिकाणी आढळते. ते काटेकोरपणे खरे नाही. त्यांनी कोणतेही उपकरण तयार केले नाही किंवा पेटंट घेतले नाही. बंद टपाच्या काही मोटारींवर मागचे दाखवणारे आरसे लावण्याची चाल १९०६ च्या सुमारासच पडू लागली होती, आणि हॅरून यांची आठवण खरी मानली तर घोडागाडीवाल्यांना ही युक्ती त्याही आधी ठाऊक होती. सामान्य चालकासाठी लिहिलेल्या पुस्तकात आरसा कोठे ठेवावा, केव्हा उचलावा व कोणत्या हाताची पकड सोडू नये, हे नेमके सांगणाऱ्यांत मात्र त्या अगदी आरंभीच्या ठरतात. आरसा असून न पाहणारे चालक आजही थोडे नाहीत, हे ध्यानात घेतले तर सवयीविषयीचा हा सल्ला उपकरणाहून कमी मोलाचा म्हणता येत नाही.

रस्त्यावरील वागणुकीसाठी लेव्हिट यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. इतर वाटसरूंचा आणि रस्त्यात येणाऱ्या जनावरांचा विचार चालकाने करावा, असा त्याचा रोख आहे. हाइड पार्कमधील खटल्याची आठवण असणाऱ्या वाचकांना हे प्रकरण वाचून हसू आले असेल.

विमानविद्या व अखेरची वर्षे

१९०९ च्या अखेरीस लेव्हिट विमान चालवणे शिकण्यासाठी फ्रान्सला गेल्या. वैमानिक ह्युबर्ट लाताम यांच्याशी निगडित असलेल्या, शालाँजवळील प्रशिक्षणकेंद्रात त्यांनी प्रवेश घेतला. १९१० च्या आरंभी लंडनमध्ये त्यांनी या अनुभवांवर व्याख्यानही दिले. त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाल्याची नोंद आढळत नाही.

१९१० नंतर त्यांचे नाव वृत्तपत्रांतून एकाएकी नाहीसे होते. शर्यती, स्तंभ, छायाचित्रे, सारेच थांबते. ज्या तरुणीचा प्रत्येक प्रवास व प्रत्येक दंड छापून येत असे, तिच्या आयुष्यातील पुढील बारा वर्षांविषयी सार्वजनिक कागदपत्रांत जवळजवळ काहीच हाती लागत नाही. त्यांनी विवाह केला नाही.

१७ मे १९२२ रोजी मेरिलबोनमधील अपर बेकर स्ट्रीटवरील राहत्या जागी त्या अंथरुणात मृतावस्थेत आढळल्या. त्या वेळी त्यांचे वय ४० वर्षांचे होते. मृत्यूच्या नोंदीत त्यांचे नाव लेव्ही ऊर्फ लेव्हिट असे लिहिले आहे. हृदयविकार व गोवर यांनी आजारी असताना मॉर्फीनची विषबाधा होऊन मृत्यू आला आणि तो अपघाताने घडला, असा निर्वाळा चौकशीत देण्यात आला. त्यांच्यामागे २२४ पौंडांची मालमत्ता राहिली. ती त्यांची बहीण एल्सी हिला मिळाली.